रत्नागिरीत मुक्काम आणि रोज एक दिशा: आईंना आणि लेकीला घेऊन जाताना दिवस कसे लावावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडचं एक कुटुंब फेब्रुवारीत रत्नागिरीला निघालंय. गाडी स्वतःची, मुक्काम चार रात्रींचा, आणि रोज सामान बांधून हॉटेल बदलायची कोणाचीच तयारी नाही. बरोबर ७२ वर्षांच्या आई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. १० वर्षांची मुलगीही आहे. समुद्र आणि झाडी बघायची आहे, तशीच देवळं, किल्ले, इतिहासही. नातेवाइकांनी सांगितलेली आणि इकडून तिकडून गोळा केलेली १६ ठिकाणांची यादी दिली आहे आणि विचारलंय की यातली कुठली गाळावीत आणि उरलेली कुठल्या क्रमाने करावीत. शेवटी आणखी एक: रोज स्वतः गाडी चालवावी की तिथली गाडी चालकासह ठरवावी?

माझं माहेर रत्नागिरीचं. लग्नानंतर पुण्यात आले आणि पुढे लहान गट घेऊन कोकणात जाण्याचं कामच करू लागले. त्यात आजी, आई आणि नातवंडं अशी तीन पिढ्यांची कुटुंबं जास्त असतात, म्हणून तुमचा प्रश्न मला चांगला ओळखीचा आहे.

तुमची यादी वाईट नाही. फक्त ती अंतरावरून लावलेली आहे. जवळचं आधी, लांबचं नंतर, आणि वाटेत जे लागेल ते सगळं. पुण्याहून लोणावळा किंवा वाई करताना हे चालतं, कारण तिकडे डोंगर आणि देऊळ दिवसभर तेच असतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एकच जागा सकाळी आठला एक असते आणि दुपारी दोनला दुसरी. पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, पाण्याखाली गेलेली असते, कातळ तापलेला असतो, खाडीत नुसता चिखल दिसतो. त्यामुळे "किती किलोमीटर" हा प्रश्न दुय्यम ठेवा. पाणी केव्हा चढतं-उतरतं आणि ऊन केव्हा सोसवतं, यावर दिवस लावा. हे एकदा जमलं की काय गाळायचं ते यादीच तुम्हाला सांगते.

आधी पाण्याचं बघू. तुम्ही तारखा दिल्या नाहीत, नुसतं फेब्रुवारी म्हटलंय, त्यामुळे अचूक वेळा मी इथे देऊ शकत नाही. पण त्या तुम्हाला घरबसल्या काढता येतील. कोकणातली जुनी माणसं घड्याळाशिवाय भरतीची वेळ सांगतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि साधारण सहा तासांनी, नऊच्या आसपास, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि सुकती, म्हणजे ओहोटी, दुपारी बाराला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराकडे, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला पाणी पुरतं उतरलेलं. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला तेवढा पुरतो. घरात कालनिर्णय असेलच. तुमच्या चार दिवसांच्या तिथी बघा आणि प्रत्येक दिवसासमोर ओहोटीची वेळ लिहून ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा फरक कमी. उधाणाच्या दिवशी संध्याकाळी पुळण एवढी रुंद होते की लेक दमेपर्यंत पळेल. भांगाच्या दिवशी तीच जागा निम्मी.

पाण्यात उतरण्याबद्दल मात्र तिथीवर अवलंबून नसलेलं एक सांगते. गणपतीपुळे आणि आरे-वारे या दोन्ही ठिकाणी समुद्र वरून शांत दिसतो आणि आत ओढतो. माणसं बुडाल्याच्या बातम्या तिथून वारंवार येतात. ओहोटी लागली की घोट्याच्या पुढे जायचं नाही. भरती चढत असतानासुद्धा मुलीचा हात धरूनच. पोहायचं तर हॉटेलच्या तलावात. यात सवलत नाही.

आता उन्हाचं. फेब्रुवारीत सकाळी चांगला गारवा असतो, पण साडेदहानंतर कातळावर उभं राहवत नाही. कातळ म्हणजे जांभ्याचा उघडा सडा. त्यावर सावलीला झाड नसतं आणि दगड ऊन धरून ठेवतो. सडा सकाळी, देऊळ आणि जेवण दुपारी, समुद्र संध्याकाळी, ही माझी कायमची घडी आहे. कौलारू देवळांचे सभामंडप भर दुपारीही थंड असतात. आईंना टेकून बसायला त्याहून चांगली जागा नाही.

तिसरी गोष्ट खाड्यांची. नकाशावर किनारा सरळ दिसतो, पण काजळी, मुचकुंदी, शास्त्री या नद्यांनी तो कापलेला आहे. पूल जिथे आहे तिथेच ओलांडता येतं, म्हणून सरळ रेषेतलं अंतर फसवतं. रस्ते अरुंद, वळणाचे, घाटी चढ-उतारांचे. ४० किलोमीटरला सव्वा ते दीड तास धरा. म्हणून एका दिवशी एकच दिशा. सकाळी दक्षिण आणि दुपारी उत्तर असं करणारे लोक संध्याकाळी फक्त दमलेले असतात.

तुमचे चार मुक्काम असे लावीन: पहिल्या दिवशी आंबा घाटाने उतरून मुक्कामी, दुसऱ्या दिवशी दक्षिण, तिसऱ्या दिवशी गावातच, चौथ्या दिवशी उत्तर, आणि पाचव्या दिवशी संगमेश्वरवरून चिपळूण आणि कुंभार्ली घाटाने परत. तुमच्या यादीत रत्नागिरी शहर नुसतं मुक्कामाला आहे, बघण्यात नाही. ते मला बदलायचंय. कसबा संगमेश्वरचा वेगळा दिवस मी काढून टाकलाय, कारण ते परतीच्या वाटेवरच पडतं. जाताना एक घाट, येताना दुसरा, एवढ्यानेच एक दिवस वाचतो.

दक्षिणेचा दिवस सविस्तर सांगते, कारण लोक त्याच्याबद्दल कमी बोलतात आणि माझ्या मते तुमच्या चारही दिवसांत तो सगळ्यात मोलाचा आहे. बहुतेक जण पावसला जाऊन मठात नमस्कार करून परत फिरतात. स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर शांत, स्वच्छ आहे, ते बघायचंच. पण पावस हा त्या दिवसाचा शेवटाकडचा टप्पा ठेवा. सगळ्यात लांबचं ठिकाण आधी आणि मग घराकडे सरकत यायचं. सकाळी ताजेपणी मोठा प्रवास होतो, आणि आई थकल्याच तर तुम्ही मुक्कामाच्या जवळ असता.

साडेसहाला निघा. भाट्याचा पूल ओलांडला की काजळी नदीची खाडी मागे पडते. पावस, पूर्णगड, मुचकुंदीवरचा पूल, गावखडी, कशेळी असं थेट जा. कशाला? कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला एक हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब. त्याच्या बाह्यरेषेच्या आत कितीतरी प्राणी, पक्षी, मासे कोरलेले आहेत. कोणी कोरले, केव्हा, याचं नेमकं उत्तर अजून संशोधकांकडेही नाही. दगडावरच्या रेषेचं वय थेट मोजता येत नाही, आणि मध्याश्मयुगापर्यंत मागे नेणारे अंदाज आहेत. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवर अशी कातळशिल्पं शेकड्यांनी आहेत. गावकऱ्यांना त्यातली काही पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, पण सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पायी पालथे घालून ती शोधली आणि नोंदवली तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत कोकणातली काही स्थळं गेली. कशेळी, देवीहसोळ, रुंढे तळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरूण ही सगळी रत्नागिरी जिल्ह्यातली. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस आहे. देवाचे गोठण्याच्या शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडेच फिरते, कारण तिथल्या कातळात चुंबकत्व आहे. हे सगळं एका दिवसात होणार नाही आणि करूही नका. पण एक शिल्प नीट बघा.

नीट म्हणजे काय, तर तिरप्या उन्हात. या रेषा उथळ आहेत. डोक्यावर सूर्य आला की त्यांची सावली नाहीशी होते आणि समोर नुसता भुरा दगड उरतो. सकाळी नऊच्या आत प्रत्येक खाचेला एक काळी कड येते आणि हत्ती पायाशी उमटतो. माझ्याबरोबर आलेली जी माणसं दुपारी एकदा जाऊन "काही विशेष नाही" म्हणाली होती, ती सकाळी त्याच जागी तासभर रेंगाळली आहेत. मुलीला आधी काही सांगू नका. तिला कडेकडेने चालू द्या आणि कुठला प्राणी ते ओळखू द्या. सोंड सापडली की बाकीचं तीच तुम्हाला दाखवेल. रेषांवर पाय मात्र ठेवायचा नाही. खडूने रेषा गिरवायच्या नाहीत, फोटोसाठी पाणीही ओतायचं नाही. जिथे गावाने चपला काढायला सांगितल्या असतील तिथे काढायच्या.

आईंचं काय, हा प्रश्न इथे येतो. सड्यावर थोडं चालावं लागतं, जमीन सपाट असली तरी खडबडीत आहे. त्या वीस-पंचवीस मिनिटं सावकाश चालू शकत असतील तर काठी देऊन न्या. नसेल जमत तर आडिवऱ्याच्या पुढे देवीहसोळला जा. आर्यादुर्गेच्या देवळाजवळच्या सड्यावर मोठी चौकोनी चौकट कोरलेली आहे, आत भौमितिक नक्षी आहे. तिथे चालणं कमी पडतं आणि आई देवळात बसू शकतात. दोन्हीपैकी एकच करा. देवीहसोळ केलं तर परत येताना कशेळीचा हत्ती उन्हात सापडेल, त्याचा आग्रह धरू नका.

साडेनऊ-दहाला कशेळीच्या कनकादित्याच्या देवळात या. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच. या देवळाकडे शिलाहार राजा भोज याचा ताम्रपट आहे, शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा. कशेळी गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या कागदपत्रातलं गाव आजही त्याच नावाने, त्याच जागी आहे. मूर्तीची आख्यायिका पुजारी तुम्हाला सांगतील: सौराष्ट्रातून गलबतातून आलेली, किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवलेली आणि कनका नावाच्या स्त्रीला स्वप्नात दिसलेली. ती गुहा जिथे आहे त्या कड्याला देवघळी म्हणतात. वरूनच बघा. खाली उतरायची वाट आईंसाठी नाही. तुमचा दौरा रथसप्तमीच्या आसपास येत असेल तर उत्सव असतो. पाहण्यासारखा असतो, पण गर्दी असते आणि सगळं वेळापत्रक बदलावं लागेल.

मग आडिवऱ्याची महाकाली. इथे जेवण. जेवणाचं आदल्या दिवशीच फोन करून सांगायचं, किती माणसं आणि शाकाहारी की मासे. या पट्ट्यात हॉटेलं कमी, घरगुती खानावळी जास्त, आणि त्या येणाऱ्या माणसांच्या मापानेच भात शिजवतात. अचानक गेलात तर बिस्किटांवर भागवावं लागेल. सांगून गेलात तर कुळथाचं पिठलं, फणसाची किंवा कच्च्या केळ्याची भाजी, सोलकढी, आणि सांगितलं असेल तर उकडीचे मोदकसुद्धा. दुपारी तासभर आईंना पडू द्या.

साडेतीनला परतीला लागा. गावखडीला सुरूच्या बनात थांबा. हा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा आहे. माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री अंडी घालायला येतात, आणि घरट्यांना कुंपण घालून पिल्लं सुखरूप समुद्रात जाईपर्यंत गावातले कासवमित्र राखण करतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पिल्लं निघायला लागलेली असू शकतात. असतीलच असं कोणी सांगू शकत नाही. वाळूचं तापमान आणि अंडी घातल्याची तारीख यावर ते आहे. आदल्या दिवशी गावात चौकशी करा. पिल्लं सोडण्याच्या वेळा पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या असतात. पिल्लं मिळाली तर पुढचं सगळं सोडून द्या आणि तिथेच थांबा. मुलगी ते जन्मभर विसरणार नाही.

पिल्लं नसली तर पूल ओलांडून पूर्णगड. मुचकुंदीच्या मुखावरचा छोटा, देखणा किल्ला. गावातल्या पाखाडीने पायऱ्या चढून जावं लागतं, म्हणून तुम्ही आणि मुलगी जा, आई खाली बसतील. मग पावस, आणि सूर्यास्ताला गणेशगुळे किंवा भाट्ये. ओहोटी संध्याकाळी असेल तर गणेशगुळे, कारण उतरलेल्या पाण्यात खडकांतली डबकी उघडी पडतात आणि खेकडे, शंख बघायला मिळतात. भरती संध्याकाळी असेल तर भाट्ये, सुरूच्या सावलीत बसून. गणेशगुळ्याला गेलात तर आईंना "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला" ही म्हण आठवेल. तो हा गाव.

तिसरा दिवस गावात. तो मुद्दाम मधे ठेवलाय. पहिल्या मोठ्या दिवसानंतर आईंचे पाय सुजलेले असतील, आणि त्यांना विश्रांती हवी असं स्वतःहून त्या म्हणणार नाहीत. ज्यांना वास चालतो त्यांनी सकाळी मिरकरवाड्याला जावं. होड्या लागतात, लिलाव होतो, कोळणी टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. रत्नागिरी हे बंदर आहे म्हणजे काय, ते तिथे कळतं. मुलीला मत्स्यालय आवडेल. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं ते आहे, आणि तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे.

नंतर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याला पदच्युत केलं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. चोवीसेक वर्षं तो बंगल्यांत राहिला. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. मंडालेहून एवढ्या लांब या टेकाडावर आणून ठेवलेला तो माणूस गच्चीतून रोज खाडीत येणारी-जाणारी गलबतं बघत असणार, हे तिथे उभं राहिल्यावर मनात येतंच. राणी पुढे मायदेशी परतली. थोरल्या राजकन्येने मात्र रत्नागिरीतच घर केलं आणि तिची लेक रत्नागिरीकर म्हणूनच जगली. वाड्यात संग्रहालय आहे. सरकारी संग्रहालयं साधारण सोमवारी बंद असतात, तेव्हा गावातला दिवस सोमवारी येऊ देऊ नका. मुलगी इतिहास शिकायला लागली असेल तर त्याच गावातली दुसरी बाजूही दाखवा. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर इथून जवळच आहे, आणि लोकमान्यांना इंग्रजांनी शिक्षा भोगायला पाठवलं ते मंडालेला. राजा तिकडून इकडे, लोकमान्य इकडून तिकडे. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असतानाच १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांनी पतितपावन मंदिर बांधलं, सर्व जातींना खुलं. दोन्ही ठिकाणी वेळ थोडा लागतो आणि पायऱ्या बेताच्याच आहेत.

संध्याकाळी थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघायची की रत्नदुर्गावर भगवतीला जायचं, हे पुन्हा पाण्यावर ठरवा. खाडी भरलेली असेल तर थिबा पॉइंट, नाहीतर रत्नदुर्ग. वरपर्यंत गाडी जाते, देवळापाशी थोड्या पायऱ्या आहेत.

उत्तरेच्या दिवसाबद्दल फार सांगत नाही, ती वाट सगळ्यांना माहीत आहे. साखरतर, काळबादेवी, आरे, वारे, भंडारपुळे, गणपतीपुळे. २५ किलोमीटरच्या आसपास, किनाऱ्याच्या कडेने. निवळीकडून महामार्गाने जाऊ नका, लांब पडतं आणि समुद्र दिसत नाही. दिवस मात्र नीट निवडा: संकष्टी नको, अंगारकी तर अजिबात नको, आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा. सकाळी आठच्या आत दर्शन घ्या. डोंगराची प्रदक्षिणा साधारण किलोमीटरभर आहे. तुम्ही करा, आई समोर बसतील. मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे. १८६६ मध्ये ते तिथे जन्मले, आणि त्यांच्या कविता तिथे दगडांवर कोरून लावल्या आहेत. आईंच्या पिढीने त्या शाळेत पाठ केलेल्या असतात, त्यांना म्हणायला सांगा. मुलीसाठी गणपतीपुळ्याचं प्राचीन कोकण हे दालन आहे, जुन्या बलुतेदारांचं गाव पुतळ्यांतून उभं केलेलं.

दुपारनंतर जयगड. गाडी दरवाजापर्यंत जाते, म्हणून तुमच्या यादीतल्या किल्ल्यांपैकी आईंना दाखवण्याजोगा हाच. बुरुजावरून शास्त्री नदीचं मुख दिसतं, पलीकडे तवसाळ, आणि मधे गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट. मुलीला सांगून ठेवा की ही नदी उद्या पुन्हा भेटणार आहे. फेरीबोटीतून पलीकडे जाऊन हेदवी, गुहागर करायचा मोह होईल. तो पुढच्या खेपेला. तेवढ्यासाठी गुहागरात वेगळा मुक्काम लागतो.

पाचव्या दिवशी आठला निघा. हातखंब्यावरून महामार्गाने संगमेश्वर, तिथून कसबा. चौपदरीकरणाची कामं कुठे कशी चालू आहेत त्यावर वेळ ठरेल, हॉटेलमधून निघण्याआधी चौकशी करा. कर्णेश्वराचं देऊळ चालुक्यकालीन शैलीचं आहे. नक्षी बाहेरून सावकाश फिरून बघा, आतल्या छताकडेही बघायला विसरू नका. इथे शास्त्रीला सोनवी मिळते. कालच्या जयगडच्या खाडीचंच हे वरचं टोक, आणि पूर्वी मचवे इथपर्यंत येत. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज मोगलांच्या हाती पडले ते याच गावात. मुलीला हे घाईत सांगून टाकू नका, नदीकाठी बसून सांगा. साडेदहापर्यंत निघालात तर जेवायला चिपळूण, मग कुंभार्ली, पाटण, कऱ्हाड, आणि पुण्यात दिवेलागणीनंतर.

आता गाळलेली ठिकाणं. मार्लेश्वर गाळलं, कारण पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत आणि फेब्रुवारीत धारेश्वरचा धबधबा रोडावलेला असतो. ते पावसाळ्याअखेरीस, आईंशिवाय. राजापूरची गंगा गाळली. ती तिच्या मर्जीने प्रकट होते, ती आलीये अशी बातमी असली तरच एवढं लांब जावं. तिच्याजवळच्या उन्हाळे गावातली गरम पाण्याची कुंडं तिच्याबरोबरच गेली. वेळणेश्वर आणि हेदवी खाडीपलीकडे. आंबोळगड आणि यशवंतगड छान आहेत, पण दक्षिणेच्या दिवसात ते कोंबले तर कशेळी हातातून जाते. हापूसची आशा धरून येऊ नका. फेब्रुवारीत झाडांना मोहोर आणि कैऱ्या असतात, पेटी महाग आणि चव अर्धी.

राहिला गाडीचा प्रश्न. पुण्याहून सात-आठ तास गाडी चालवून आलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी पुन्हा वळणं घ्यावीत हे मला पटत नाही. शिवाय चालवणाऱ्याला काही दिसत नाही, त्याची नजर रस्त्यावर. दक्षिणेच्या दिवसासाठी रत्नागिरीतली गाडी चालकासह घ्या. सड्यावरच्या फाट्यांना पाट्या असतीलच असं नाही, फोनची रेंज जाते, आणि तिथला माणूस एका हाकेत वाट विचारून घेतो. गावातला आणि उत्तरेचा दिवस तुम्ही स्वतः चालवा, रस्ता सोपा आहे. भाड्याची गाडी किलोमीटरवर न ठरवता पूर्ण दिवसाची ठरवा, म्हणजे कुठे जास्त थांबलात तरी कोणाची कुरकुर नाही. चालक दक्षिणेचा राहणारा, पावस-आडिवरे पट्ट्यातला मिळाला तर उत्तम. त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की साडेआठपर्यंत कशेळीच्या सड्यावर उभं राहायचंय आणि वाटेत चहाला थांबायचं नाही, चहा थर्मासमधून घेतलाय.